वायूतील अणू-रेणू आणि इलेक्ट्रॉन यांच्या टकरी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इंदुरात भौतिकशास्त्र शिकवतो. राजेंद्रनगर, सुदामानगर, रामबाग या भागांतून येणाऱ्या माझ्या बऱ्याच विद्यार्थ्यांचे शिक्षण हिंदी किंवा इंग्रजी माध्यमातून झालेले असते; परंतु घरची भाषा मराठी असल्यामुळे एखादी गोष्ट खरोखर अडली की ती मुले प्रश्न मराठीतच विचारतात. इलेक्ट्रॉनच्या टकरींविषयी दरवर्षी पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न मी येथे एकत्र केले आहेत. सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण पुढील प्रत्येक उत्तरात तिचीच गरज पडणार आहे. "इलेक्ट्रॉन अणूवर आदळला" हे अर्धेच वाक्य आहे. कोणत्या वायूचा अणू, इलेक्ट्रॉनची ऊर्जा किती, आणि टकरीनंतर काय झाले, हे तिन्ही सांगितल्यावरच ते पूर्ण होते.

टकरींचा अभ्यास वायूतच का करायचा? घन किंवा द्रव पदार्थावर इलेक्ट्रॉन सोडून हेच कळणार नाही का?

घन पदार्थात अणू एकमेकांना इतके खेटून असतात की आत शिरलेला इलेक्ट्रॉन एका अणूपाशी काय करतो हे वेगळे काढताच येत नाही. त्याची पहिली टक्कर संपण्याआधीच दुसरी सुरू झालेली असते, आणि अणूंच्या ऊर्जा पातळ्याही शेजाऱ्यांच्या प्रभावामुळे मूळच्या राहिलेल्या नसतात. विरळ वायूत मात्र प्रत्येक अणू किंवा रेणू एकटा असतो. दाब पुरेसा कमी ठेवला की बहुतेक इलेक्ट्रॉन एकही टक्कर न होता पार जातात, थोड्यांची एकच टक्कर होते, आणि दोन टकरी झालेले इलेक्ट्रॉन जवळजवळ सापडतच नाहीत. बाहेर पडलेल्या इलेक्ट्रॉनची दिशा आणि ऊर्जा मोजली की ती त्या एकाच टकरीची साक्ष असते. विषयाचा सगळा भरवसा या "एकच टक्कर" अटीवर आहे, म्हणून प्रयोग करणारे लोक दाबाच्या बाबतीत अतिशय काटेकोर असतात.

ऊर्जा ज्यूलमध्ये न सांगता इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये का सांगतात?

एका इलेक्ट्रॉनच्या दृष्टीने ज्यूल हे फार मोठे माप आहे, एवढेच त्याचे कारण आहे. १ व्होल्टच्या विभवांतरातून गेल्यावर इलेक्ट्रॉनला जी ऊर्जा मिळते ती १ इलेक्ट्रॉनव्होल्ट होय. ही ऊर्जा किरकोळ वाटते खरी, परंतु तेवढ्यावरही इलेक्ट्रॉनचा वेग सेकंदाला सुमारे ५९३ किलोमीटर होतो. म्हणजे इंदूरहून सडकेने मुंबई गाठायला जितके अंतर कापावे लागते, साधारण तितके अंतर एका सेकंदात. खोलीच्या तापमानाला वायूच्या रेणूंची औष्णिक ऊर्जा सुमारे ०.०२५ इलेक्ट्रॉनव्होल्ट असते, आणि हायड्रोजनच्या अणूतून इलेक्ट्रॉन काढायला १३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. पुढील बहुतेक चर्चा या दोन आकड्यांच्या दरम्यान, आणि वरच्या बाजूला काही शे इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत चालते.

छेदक्षेत्र म्हणजे अणूचा आकारच ना?

नाही. हा गैरसमज सर्वांत चिवट आहे, म्हणून येथे थोडे थांबू.

वायूवर इलेक्ट्रॉनांचा झोत सोडला असता त्यातील किती इलेक्ट्रॉन झोतातून बाजूला पडतात हे आपण मोजतो. प्रत्येक अणू म्हणजे झोताच्या वाटेत उभी केलेली एक छोटी चकती आहे आणि चकतीवर पडलेला इलेक्ट्रॉन बाद झाला, असे समजून आपण हिशेब मांडतो, आणि मोजलेल्या घटीशी जुळण्यासाठी त्या चकतीचे क्षेत्रफळ किती धरावे लागेल ते काढतो. त्या क्षेत्रफळाला छेदक्षेत्र म्हणतात. ते चौरस अँगस्ट्रॉममध्ये सांगणे सोयीचे असते. १ अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग.

आकड्यांनी हे अधिक स्पष्ट होईल. आपल्या खोलीतील १ घन सेंटिमीटर हवेत सुमारे २.५ गुणिले १० चा १९ वा घात इतके रेणू असतात. प्रत्येकाचे छेदक्षेत्र १० चौरस अँगस्ट्रॉम धरले, तर त्या सर्व चकत्यांचे एकत्रित क्षेत्रफळ सुमारे २५,००० चौरस सेंटिमीटर भरते, आणि तेही १ चौरस सेंटिमीटरच्या तोंडासमोर. म्हणजे तो एक सेंटिमीटर ओलांडताना इलेक्ट्रॉनच्या वाटेत सरासरी २५,००० टकरी येतात, आणि दोन टकरींमधले अंतर मिलिमीटरच्या अडीच हजाराव्या भागाएवढे असते. तोच दाब १ पास्कलपर्यंत, म्हणजे वातावरणाच्या सुमारे एक लाखाव्या भागापर्यंत उतरवला की हे अंतर ४ सेंटिमीटर होते, आणि मग प्रयोग शक्य होतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. चकती ही आपली हिशेबाची सोय आहे. अणू तोच असतो, पण इलेक्ट्रॉनची ऊर्जा बदलली की चकती कधी पाचपट मोठी होते, तर कधी जवळजवळ नाहीशी होते. शिवाय एकाच अणूला एकाच ऊर्जेला अनेक छेदक्षेत्रे असतात: नुसते वळवण्याचे वेगळे, उद्दीपनाचे (म्हणजे अणूला वरच्या ऊर्जा पातळीवर नेण्याचे) वेगळे, आयनीभवनाचे (म्हणजे अणूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढण्याचे) वेगळे. म्हणून "आर्गॉनचे छेदक्षेत्र किती" या प्रश्नाला उत्तर नसते. "३० इलेक्ट्रॉनव्होल्टला आर्गॉनच्या आयनीभवनाचे छेदक्षेत्र किती" या प्रश्नाला असते.

ट्यूबलाइटमधील इलेक्ट्रॉनांचे तापमान ११,००० अंश असते म्हणतात. मग नळीला हात लावला तर भाजत का नाही?

कारण इलेक्ट्रॉन आणि अणू यांच्या वजनांत जमीनअस्मानाचा फरक आहे. इलेक्ट्रॉन अणूला नुसता घासून वळला आणि अणूच्या आत काहीच बदलले नाही, तर अशा टकरीला स्थितिस्थापक टक्कर म्हणतात. कॅरमचा स्ट्रायकर सोंगटीवर बसतो तेव्हा तो आपली बरीचशी ऊर्जा सोंगटीला देतो, कारण दोघांची वजने तुलना करण्याजोगी असतात. परंतु आर्गॉनचा अणू इलेक्ट्रॉनच्या सुमारे ७३,००० पट जड असतो. त्यामुळे एका स्थितिस्थापक टकरीत इलेक्ट्रॉन सरासरीने आपल्या ऊर्जेचा सुमारे ३६,००० वा भागच गमावतो. दिशा मात्र पूर्ण बदलू शकते. म्हणून विद्युतक्षेत्राने दिलेली ऊर्जा इलेक्ट्रॉनांपाशी साठत जाते, आणि वायू मात्र कोमटच राहतो. १ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा म्हणजे सुमारे ११,६०० केल्विन तापमान, असा तो हिशेब आहे.

याच नळीत आणखी एक शिकण्याजोगी गोष्ट आहे. तिच्यात काही शे पास्कल दाबाचा आर्गॉन असतो आणि पाऱ्याची वाफ जेमतेम १ पास्कलच्या आसपास असते. असे असूनही प्रकाशाचे काम पाराच करतो. आर्गॉनची पहिली उद्दीपित पातळी ११.५ इलेक्ट्रॉनव्होल्टवर आहे आणि पाऱ्याची ४.९ च्या आसपास. ऊर्जा मिळवत चाललेला इलेक्ट्रॉन ११.५ पर्यंत चढण्याआधीच पाऱ्याला गाठतो आणि रिकामा होतो. नळीला दिलेल्या विजेतील निम्म्याहून अधिक भाग अशा रीतीने २५३.७ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात जातो, आणि काचेच्या आतील पांढरा लेप त्याचे दृश्य प्रकाशात रूपांतर करतो.

फ्रँक आणि हर्ट्झ यांनी नेमके काय सिद्ध केले?

जेम्स फ्रँक आणि गुस्टाव्ह हर्ट्झ यांनी १९१४ मध्ये पाऱ्याच्या वाफेतून इलेक्ट्रॉन सोडले आणि त्यांना गती देणारा विभव हळूहळू वाढवत नेला. पलीकडे पोहोचणारा विद्युतप्रवाह वाढत गेला, नंतर एकदम घसरला, पुन्हा वाढला, पुन्हा घसरला, आणि या घसरणी ४.९ व्होल्टच्या अंतराने येत राहिल्या. ४.९ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आत पाऱ्याचा अणू इलेक्ट्रॉनकडून आतली ऊर्जा म्हणून काहीच घेत नाही. तेवढी भरली की ती एकदम घेतो. दोन घसरणी म्हणजे त्याच इलेक्ट्रॉनने वाटेत दोन अणूंना ४.९ चा हप्ता दिला, तीन म्हणजे तिघांना. ४.९ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे २५३ नॅनोमीटर येते, आणि वाफेतून तोच २५३.७ नॅनोमीटरचा प्रकाश बाहेर पडताना त्यांना दिसला. या कामासाठी त्यांना १९२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पाठ्यपुस्तकांत एक गोष्ट बहुधा राहून जाते, आणि ती मला महत्त्वाची वाटते. आपण अणूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी ऊर्जा मोजली आहे, असे या दोघांना प्रथम वाटले होते. हे आयनीभवन नसून अणूच्या आत एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर जाणे आहे, हा अर्थ नील्स बोर यांनी लावला आणि पुढे तोच खरा ठरला. पाऱ्याच्या आयनीभवनाला १०.४ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. मोजमाप अगदी बरोबर होते; "टकरीनंतर काय झाले" हा तिसरा भाग मात्र चुकला होता.

आमच्या फ्रँक-हर्ट्झ प्रयोगात प्रवाहाच्या आलेखातली शिखरे नीट येत नाहीत. काय चुकत असेल?

बहुतेक वेळा चूक तापमानाची असते. मी स्वतः एम.एस्सी.ला असताना एका दुपारी चार तास या नळीपुढे बसलो होतो आणि माझ्या आलेखात एकही घसरण आली नव्हती. रेषा नुसती वर चढत होती. नळी तापवणाऱ्या भट्टीचा तापमापक १७५ अंश दाखवीत होता. शेवटी प्रयोगशाळेतल्या काकांनी भट्टीचे दार उघडून दाखवले, तेव्हा तापमापकाचा फुगा नळीजवळ नसून तापणाऱ्या तारेला टेकलेला आढळला. नळी त्याहून कितीतरी थंड होती. पाऱ्याच्या वाफेचा दाब २० अंशांना एक पास्कलचा सहावा भाग असतो आणि १८० अंशांना हजार पास्कलच्या वर जातो. नळी थंड असली की वाफ विरळ राहते आणि इलेक्ट्रॉन पाऱ्याला न भेटताच पलीकडे पोहोचतात. तापमापक सरकवून अर्धा तास थांबल्यावर पहिली घसरण आली. सुई मागे फिरताना पाहून मला झालेला आनंद आजही आठवतो.

आणखी दोन सूचना देतो. पहिले शिखर ४.९ व्होल्टला येत नाही म्हणून घाबरू नये. नळीतील दोन वेगळ्या धातूंमधील संपर्क विभवामुळे संपूर्ण आलेख एका बाजूला सरकतो, त्यामुळे शिखराची जागा न मोजता शिखरांमधील अंतर मोजावे. दुसरी सूचना अशी, की बारकाईने पाहिल्यास हे अंतर पुढच्या शिखरांत किंचित वाढत जाते. ती चूक नाही. ४.९ ची रेघ ओलांडल्यावर इलेक्ट्रॉनला लगेच अणू भेटतोच असे नाही, आणि तो भेटेपर्यंत इलेक्ट्रॉन थोडी अधिक ऊर्जा मिळवून बसतो.

ज्यांच्याकडे निऑनची नळी आहे त्यांना भट्टी लागत नाही. तेथे अंतर सुमारे १९ व्होल्टचे असते, आणि विभव वाढवत नेला की जाळ्यांच्या मध्ये नारिंगी प्रकाशाचे एकेक थर उमटताना डोळ्यांनी दिसतात. खोलीतले दिवे मालवून ते अवश्य पाहावे.

आर्गॉन मंद इलेक्ट्रॉनांना "पारदर्शक" असतो हे खरे आहे का?

हे अक्षरशः खरे आहे, आणि या विषयातील मला सर्वांत प्रिय असलेली गोष्ट हीच आहे. जर्मनीचे कार्ल रॅमसॉर यांनी १९२१ मध्ये, आणि त्याच सुमारास ऑक्सफर्डमध्ये टाउनसेंड व बेली यांनी स्वतंत्रपणे, मंद इलेक्ट्रॉनांच्या टकरी मोजल्या. इलेक्ट्रॉन जितका मंद तितका तो अणूच्या ओढीत अधिक सापडेल आणि छेदक्षेत्र वाढत जाईल, अशी साधी अपेक्षा होती. आर्गॉनमध्ये १३ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास ते २० चौरस अँगस्ट्रॉमच्या वर असते. तेथून ऊर्जा कमी करत गेल्यावर ते घटत घटत ०.३ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या जवळपास अर्ध्या चौरस अँगस्ट्रॉमच्याही खाली येते, आणि आणखी मंद इलेक्ट्रॉनांसाठी पुन्हा वाढते. म्हणजे त्या एका ऊर्जेपाशी इलेक्ट्रॉन आर्गॉनमधून असा निघून जातो, जणू वाटेत काहीच नव्हते.

सोंगट्यांच्या चित्राने याचा खुलासा होऊच शकत नाही, आणि त्या काळी तो झालाही नाही. द ब्रॉग्ली यांची द्रव्यतरंगांची, म्हणजे कणही तरंगासारखे वागतात ही, कल्पना १९२३-२४ मधली आहे. १९२५ मध्ये एल्सासर यांनी सुचवले की रॅमसॉर यांच्या निरीक्षणामागे इलेक्ट्रॉनचे तरंगरूप असावे. ०.३ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी सुमारे २२ अँगस्ट्रॉम असते, म्हणजे अणूच्या व्यासाच्या कितीतरी पट. एवढ्या लांब तरंगाला अणूचे कानेकोपरे जाणवत नाहीत. त्याच्यावर होणारा एकमेव परिणाम म्हणजे अणूच्या आकर्षणामुळे आत शिरलेला भाग थोडा आखडतो आणि बाहेर पडताना त्याची कला, म्हणजे चढउतारांची जागा, सरकलेली असते. हे सरकणे बरोबर पूर्ण अर्ध्या तरंगांच्या पटीत झाले, तर बाहेरचा तरंग अणू नसताना जसा असता हुबेहूब तसाच दिसतो, आणि विकीर्णन (इलेक्ट्रॉनचे बाजूला वळणे) नाहीसे होते. आर्गॉन, क्रिप्टॉन आणि झेनॉन यांच्यात हे घडते. हीलियम आणि निऑन यांचे इलेक्ट्रॉन-कवच इतके घट्ट असते की येणाऱ्या इलेक्ट्रॉनमुळे ते फारसे विकृत होत नाही. आकर्षण पुरेसे पडत नाही आणि असा तळ त्यांच्यात आढळत नाही.

हा प्रयोग महाविद्यालयातही करता येतो. २डी२१ या जुन्या थायराट्रॉन नळीत (वायू भरलेली, स्विचसारखी वापरली जाणारी इलेक्ट्रॉन नळी) झेनॉन भरलेला असतो. आधी नळी तशीच ठेवून प्रवाह मोजायचा. मग तिचे टोक द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवायचे, म्हणजे झेनॉन गोठून बाजूला होतो आणि नळी रिकामी असल्यासारखी वागते. दोन्ही आलेखांचे गुणोत्तर घेतले की १ व्होल्टच्या जवळपास झेनॉन पारदर्शक झालेला दिसतो.

ऊर्जा वाढवत नेली तर आयनीभवन वाढतच जायला हवे. ते पुढे कमी का होते?

अणूतून इलेक्ट्रॉन काढायला ठरावीक किंमत मोजावी लागते: हीलियमला २४.६, आर्गॉनला १५.८, नायट्रोजनच्या रेणूला १५.६, पाण्याच्या रेणूला १२.६ आणि ऑक्सिजनच्या रेणूला १२.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट. तिच्याखाली आयनीभवन होत नाही. उंबरठा ओलांडताच ते सावकाश सुरू होते, कारण आता दोन मंद इलेक्ट्रॉन एकाच वेळी आयनाच्या ओढीतून सुटू पाहत असतात आणि दोघे परस्परविरुद्ध दिशांना गेले तरच ते साधते. वानिए यांनी १९५३ मध्ये काढलेल्या नियमानुसार हे छेदक्षेत्र उंबरठ्यावरील जादा ऊर्जेच्या १.१२७ व्या घाताने वाढते. पुढे १०० इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास ते कळसाला पोहोचते. तेथे आर्गॉनसाठी ते सुमारे २.८ चौरस अँगस्ट्रॉम असते, तर हीलियमसाठी ०.४ हूनही कमी. त्यानंतर इलेक्ट्रॉन इतका वेगवान होतो की अणूजवळ तो फार थोडा वेळ असतो आणि आतील इलेक्ट्रॉनला पुरेसा धक्का बसत नाही, म्हणून आलेख उतरू लागतो.

वस्तुमान वर्णपटमापकात, म्हणजे रेणूंचे आयन करून त्यांची वस्तुमाने मोजणाऱ्या उपकरणात, इलेक्ट्रॉनची ऊर्जा ७० इलेक्ट्रॉनव्होल्ट ठेवण्याची प्रथा यातूनच आली. तेथे आलेख जवळजवळ सपाट असल्यामुळे विभव थोडा इकडेतिकडे झाला तरी परिणाम फारसा बदलत नाही, आणि जगातील कोणत्याही प्रयोगशाळेत घेतलेला नमुना दुसरीकडच्या नमुन्याशी ताडून पाहता येतो.

अणूऐवजी रेणू घेतला तर काय बदलते?

बरेच काही. रेणू फिरू शकतो, कंप पावू शकतो आणि तुटूही शकतो, त्यामुळे टकरीनंतरच्या शक्यता झपाट्याने वाढतात. हवेतील नायट्रोजनचेच उदाहरण घेऊ. त्याच्या कंपनाचा एक हप्ता ०.२९ इलेक्ट्रॉनव्होल्टचा असतो. हलक्याशा इलेक्ट्रॉनने जड अणुकेंद्रांना हलवणे अवघड असल्यामुळे कंपनाचे छेदक्षेत्र लहान असायला हवे, आणि इतर ऊर्जांना ते तसे असतेही. मात्र २.३ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास ते एकदम उसळते. या ऊर्जेचा इलेक्ट्रॉन रेणूच्या रिकाम्या कक्षकात क्षणभर अडकतो आणि ऋण आयन तयार होतो. तो टिकतो जेमतेम एका कंपनाच्या वेळेइतका, म्हणजे सेकंदाच्या १० चा उणे १४ वा घात या पल्ल्यातील काळ. पण तेवढ्यात अणुकेंद्रे एकमेकांपासून सरकू लागतात, आणि इलेक्ट्रॉन निसटतो तेव्हा रेणू थरथरत मागे राहतो. याला संस्पंदन म्हणतात.

ही केवळ कागदावरची नवलाई नाही. कार्बन डायऑक्साइड लेसर चालतो तो याच्या जोरावर. विसर्गातील (वायूतून वाहणाऱ्या विद्युतप्रवाहातील) मंद इलेक्ट्रॉन नायट्रोजनला कंपन देतात; नायट्रोजनचे दोन्ही अणू सारखेच असल्यामुळे त्याला ती ऊर्जा प्रकाशरूपाने टाकता येत नाही, म्हणून तो ती जपून ठेवतो; आणि कार्बन डायऑक्साइडची एक कंपन पातळी योगायोगाने जवळजवळ तेवढ्याच उंचीवर असल्यामुळे टक्कर होताच ऊर्जा तिकडे जाते. त्यातून १०.६ मायक्रोमीटरचा लेसर किरण मिळतो. हा लेसर १९६४ मध्ये बेल प्रयोगशाळेत कुमार पटेल यांनी शोधला. त्यांचा जन्म बारामतीचा आणि अभियांत्रिकीची पदवी पुण्याची, हे सांगितले की माझ्या वर्गातील मुले ताठ बसतात. आपल्या इंदुरातील राजा रामण्णा प्रगत प्रौद्योगिकी केंद्रातही, म्हणजे ज्याला गावात सगळे "कॅट" म्हणतात तेथेही, असे लेसर बनवले गेले आहेत.

इलेक्ट्रॉन रेणूला चिकटूनच राहिला तर?

तसेही होते, आणि त्याला संलग्नता म्हणतात. सल्फर हेक्झाफ्लोराइड हा वायू जवळजवळ शून्य ऊर्जेचे इलेक्ट्रॉन अधाशासारखे टिपतो. त्या ऊर्जेला त्याचे छेदक्षेत्र रेणूच्या आकारापेक्षा कितीतरी मोठे असते. सुटे इलेक्ट्रॉनच उरले नाहीत तर ठिणगी वाढू शकत नाही, म्हणून उच्च दाबाच्या वीज उपकेंद्रांतील स्विचांमध्ये हा वायू भरतात. तो वातावरणात सुटला तर कार्बन डायऑक्साइडच्या वीस हजारांहून अधिक पटींनी तापमानवाढीला हातभार लावतो, आणि त्यामुळे त्याच्या जागी दुसरा वायू शोधण्याची निकड आज मोठी आहे. पर्यायी वायू निवडताना सर्वप्रथम पाहिले जाते ते त्याचे संलग्नतेचे छेदक्षेत्र.

काही रेणू इलेक्ट्रॉन चिकटताच तुटतात. ऑक्सिजनचा रेणू ६.५ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास अशा रीतीने फुटून ऋण आयन देतो. कॅनडातील शेरब्रुक विद्यापीठात लेऑन सांश यांच्या गटाने २००० मध्ये दाखवून दिले की आयनीभवनाला अपुरी ऊर्जा असलेले मंद इलेक्ट्रॉनही डीएनएचे धागे तोडू शकतात. तो प्रयोग पातळ थरावर केलेला होता, वायूवर नव्हे; परंतु त्याचा अर्थ लावण्यासाठी डीएनएच्या घटकांचे वायुरूपातील मोजमाप पुढे जगभर सुरू झाले. किरणोपचारात शरीरातील प्रत्येक क्ष-किरण अखेरीस असंख्य मंद इलेक्ट्रॉन मागे सोडतो, हे लक्षात घेतले म्हणजे या मोजमापांचे मोल कळते.

कॅटमधील इंडस-२ मध्ये हेच प्रयोग होतात का?

नाही, आणि ही गल्लत इंदुरात सर्रास होते. इंडस-२ हे १७२.५ मीटर परिघाचे वलय आहे. त्यात इलेक्ट्रॉन २५० कोटी इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेने फिरतात, आणि वळताना ते जो प्रकाश टाकतात तो वापरण्यासाठी ते उभारले आहे. तेथे इलेक्ट्रॉनने कशावरही आदळू नये अशीच सगळी व्यवस्था असते. तरीही आपल्या विषयाशी त्याचे नाते आहे. कितीही निर्वात केले तरी नळीत हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड यांसारख्या वायूंचे थोडे रेणू उरतातच, आणि त्यांच्यावर आदळून इलेक्ट्रॉन वलयातून हळूहळू गळत जातात. झोत किती तास टिकणार हे ठरवणाऱ्या कारणांत या टकरींचा वाटा असतो.

प्रयोगात सर्वांत अवघड भाग कोणता?

मंद इलेक्ट्रॉन सरळ चालवणे. इंदुरात पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र सुमारे ४५ मायक्रोटेस्ला आहे. होकायंत्राची सुई फिरवण्यापलीकडे त्याचा उपद्रव आपल्याला जाणवत नाही, पण १ इलेक्ट्रॉनव्होल्टचा इलेक्ट्रॉन त्याला काटकोनात चालला तर साडेसात सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरू लागतो. झोत लक्ष्यापर्यंत पोहोचण्याआधीच भिंतीला लागतो. म्हणून उपकरणाभोवती चौकोनी किंवा गोल वेटोळी बसवून पृथ्वीचे क्षेत्र रद्द करतात, अथवा आत म्यू-धातूचे, म्हणजे चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या मिश्रधातूचे, कवच घालतात. स्क्रूसुद्धा चुंबकत्व नसलेल्या पोलादाचे निवडतात आणि मोजमाप चालू असताना लोखंडी स्टूल हलवू देत नाहीत.

दुसरी अडचण ऊर्जेच्या नेमकेपणाची आहे. तापलेल्या टंगस्टनच्या तारेतून निघणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा सारखी नसते; तिच्यात सुमारे अर्ध्या इलेक्ट्रॉनव्होल्टचा पसारा असतो. नायट्रोजनच्या कंपनाचे ०.२९ चे हप्ते ओळखायला एवढा पसारा चालत नाही. म्हणून झोत दोन अर्धगोलांच्या मधल्या फटीतून नेतात; ठरावीक ऊर्जेचे इलेक्ट्रॉन तेवढेच वळण पूर्ण करून बाहेर येतात, बाकीचे गाळले जातात. झोत अधिक शुद्ध होतो आणि अधिक क्षीणही. त्यामुळे एकेका कोनासाठी कित्येक तास मोजत बसावे लागते.

इतके कष्ट कशासाठी? संगणकावर सगळे काढता येत नाही का?

नियम माहीत आहेत, पण गणित कठीण आहे. एका इलेक्ट्रॉनने हायड्रोजनच्या अणूचे आयनीभवन करणे ही दिसायला सर्वांत सोपी टक्कर. तरीही शेवटी तीन भारित कण एकमेकांना दूरवरून ओढत-ढकलत निघून जातात, आणि हे दूरवरचे बल कधीच पूर्ण संपत नाही. या प्रश्नाचे पूर्ण संख्यात्मक उत्तर अमेरिकेतील रेसिग्नो, मॅककर्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये महासंगणकावर दिले. मोठ्या रेणूंसाठी आजही अंदाजी पद्धती वापरल्या जातात. त्या उच्च ऊर्जेला छान जुळतात आणि मंद इलेक्ट्रॉनांपाशी, म्हणजे जेथे संस्पंदने असतात नेमके तेथे, डळमळतात. माझे मत स्पष्ट आहे: मोजमाप नसलेल्या छेदक्षेत्रावर विसंबून विसर्ग नळीचे गणित करू नये.

घरी काही पाहता येईल का?

येईल. जुनी सीडी घ्या, अंधाऱ्या खोलीत फक्त ट्यूबलाइट किंवा सीएफएल लावा, आणि पुठ्ठ्याला पाडलेल्या बारीक फटीतून आलेला तिचा प्रकाश सीडीवरून तिरका पाहा. एलईडीचा दिवा चालणार नाही. त्यात वायूच नसतो. पट्ट्यात एक हिरवी रेघ ठळक दिसेल आणि एक निळी-जांभळी. निळी-जांभळी पाऱ्याची ४३५.८ नॅनोमीटरची, हिरवीत लेपाच्या प्रकाशाची भर असते, पण ५४६.१ नॅनोमीटरला पाराही असतोच. या दोन्ही रेघा पाऱ्याच्या ७.७ इलेक्ट्रॉनव्होल्टवरील एकाच पातळीवरून खाली उतरताना निघतात. नळीतील इलेक्ट्रॉनांची सरासरी ऊर्जा एक-दीड इलेक्ट्रॉनव्होल्टच असते; तेव्हा त्या पातळीवर पोहोचलेल्या अणूला एकतर फार थोड्या वेगवान इलेक्ट्रॉनांपैकी एखाद्याने गाठलेले असते, किंवा आधीच उद्दीपित असताना दुसऱ्या इलेक्ट्रॉनने आणखी वर ढकललेले असते. नळी नुकतीच लावलेली असताना आणि दहा मिनिटांनी अशी दोनदा पाहा. काच कोमट होऊन पाऱ्याची वाफ वाढली की रेघांचा उजळपणा बदललेला दिसेल.